माणसाचा विरोध, देवाचा हेतू: बायबल अभ्यासाची साधने एकाच प्रश्नावर तपासून

बायबल अभ्यासाच्या साधनांना ‘उत्तम’, ‘ठीक’ असे मोघम शेरे देऊन कोणाचे काम होत नाही. त्यापेक्षा एक अवघड प्रश्न घ्यावा, प्रत्येक साधनाला तोच विचारावा आणि हाती काय लागते ते पाहावे. या परीक्षणासाठी घेतलेला प्रश्न असा: माणसे देवाच्या कामाला विरोध करतात आणि तोच विरोध देवाच्या हेतूच्या कामी येतो, असे ख्रिस्ती विश्वास सांगतो. बायबलमध्ये हे नेमके कुठे आणि कशा शब्दांत आले आहे? आणि हेतू देवाचाच असेल, तर विरोध करणाऱ्याला दोष कसा लागतो?

साधनांची खरी परीक्षा प्रश्नाच्या दुसऱ्या भागात होते. पहिल्या भागाची वचने कुठेही सापडतात. ज्या भावांनी विकले त्यांना योसेफाने दिलेले उत्तर, ‘तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले’ (उत्पत्ती ५०:२०), आणि रोमकरांस ८:२८ ही दोन तर दिनदर्शिकांवरसुद्धा छापलेली असतात. दोष आणि हेतू एकाच श्वासात सांगणारी वचने मात्र शोधावी लागतात. त्यांतले सर्वांत नेमके लूक २२:२२. मनुष्याचा पुत्र (म्हणजे येशू) ठरल्याप्रमाणे जातो, हे त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे. ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्याची केवढी दुर्दशा, हे दुसऱ्या अर्ध्यात.

म्हणून कसोटी साधी ठेवली आहे. प्रेषितांची कृत्ये २:२३ उघडायचे. तिथे येशूचा शिष्य पेत्र यरुशलेमातल्या जमावाला सांगतो की येशू देवाच्या ठाम संकल्पानुसार व पूर्वज्ञानानुसार स्वाधीन केला गेला, आणि तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून खिळून मारले. या वचनापासून लूक २२:२२ पर्यंत साधन आपल्याला किती पायऱ्यांत नेते? आणि वाटेत काय गाळते?

समासात संदर्भ असलेले छापील बायबल

याची रचना माहीत नसेल तर उपयोग अर्धाच होतो. वचनातल्या शब्दावर एक बारीक अक्षर असते आणि समासात किंवा मधल्या रकान्यात त्याच अक्षरापुढे संदर्भ असतात. अडचण अशी की तीन वेगळ्या जातींचे संदर्भ तिथे एकाच ओळीत बसवलेले असतात: प्रत्यक्ष अवतरण, तोच प्रसंग दुसऱ्या शुभवर्तमानात, आणि नुसते विचारांचे साम्य. कोणता संदर्भ कोणत्या जातीचा, हे बहुधा छापलेले नसते. आपणच उघडून ठरवायचे.

आपल्या विषयापुरते बोलायचे तर अवतरणांचे संदर्भ सर्वांत भरवशाचे. प्रेषितांची कृत्ये ४:२५-२६ वरून स्तोत्रसंहिता २:१-२ कडे आणि रोमकरांस ९:१७ वरून निर्गम ९:१६ कडे जाणारे धागे नव्या करारातल्या लेखकांनी स्वतःच बांधलेले आहेत. विचारसाम्याचे संदर्भ संपादकाने जोडलेले असतात आणि त्यांचा कल दिलासा देणाऱ्या वचनांकडे असतो.

कृत्ये २:२३ च्या समासात लूक २२:२२ अनेक आवृत्त्यांत सापडते, म्हणजे कसोटी एका पायरीत पार होते. उलट दिशेने मात्र खात्री नसते. संदर्भ एकतर्फी असू शकतात. ‘अ’ वरून ‘ब’ कडे बोट दाखवलेले असते, पण ‘ब’ च्या समासात ‘अ’ नसतो. त्यामुळे एखादे वचन दोन्ही टोकांनी तपासावे.

छापील पुस्तकाचे बळ संदर्भांपेक्षा पानात आहे. यशया १०:५-१९ ही पंधरा वचने एका नजरेत येतात आणि या विषयासाठी ते फार मोठे काम आहे. पाचव्या वचनात अश्शूर (त्या काळचे बलाढ्य साम्राज्य) हा देवाच्या रागाची काठी आहे. सहाव्यात देव त्याला पाठवतो. सातव्यात कळते की अश्शूरच्या मनात तसे काहीच नाही. राष्ट्रांचा फडशा पाडायचा, एवढाच त्याचा बेत. बाराव्यात, सीयोनेत व यरुशलेमात आपले काम उरकल्यावर देव त्याच अश्शूरच्या राजाच्या उद्दाम मनाचा समाचार घेणार आहे. पंधराव्यात कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे बढाई मारील काय, असा प्रश्न येतो. दोन हेतू, एक कृती, आणि दोष अश्शूरच्या हेतूला. इतिहासातही तेवढ्याच पायऱ्या दिसतात: इ. स. पूर्व ७२२ मध्ये उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरच्या हाती पडली, ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा राज्यावर चालून आला, ६१२ मध्ये अश्शूरची राजधानी निनवेच उद्ध्वस्त झाली.

अभ्यासाची सुरुवात योसेफापासून करण्याची पद्धत आहे. आमच्या मते ती यशया १० पासून करावी. योसेफाच्या कथेत शेवट गोड आहे, म्हणून दोषाचा प्रश्न नकळत विरघळतो. इथे तो विरघळत नाही. फोनच्या पडद्यावर मात्र वचन पाच आणि सहा दिसतात, वाचणारा तिथेच थांबतो आणि ‘अश्शूरला देवानेच पाठवले’ एवढेच घेऊन उठतो.

छापील बायबलचे दोष सगळ्यांना ठाऊक आहेत: बारीक टाइप, वजन, आणि संदर्भ शोधताना चार बोटे चार पानांत. त्यावर जास्त बोलायला नको.

मोबाइल अ‍ॅप

२००८ मध्ये आलेले यूव्हर्जनचे बायबल अ‍ॅप मोफत आहे, त्यात मराठी भाषांतरे आहेत आणि तुलनेची सोय आहे: वचनावर बोट ठेवायचे, ‘तुलना’ निवडायची, निवडलेली भाषांतरे एकाखाली एक येतात. आपल्या विषयाला हीच सोय सर्वांत कामाची. कोणते भाषांतर इंटरनेटशिवाय उतरवून ठेवता येते, हे प्रकाशकाच्या परवानगीवर असते. गटात वापरायचे असेल तर आधी पाहून घ्यावे.

तुलना कुठे करावी? प्रत्येक वचनावर नको, वेळ जातो. तीन ठिकाणे पुरतात.

पहिले, निर्गम ७:१३. इस्राएल लोकांना सोडायला तयार नसलेला मिसरचा राजा फारो याची ही गोष्ट. १६११ च्या जुन्या इंग्रजी भाषांतरात ‘त्याने फारोचे मन कठीण केले’ असे आहे आणि वाचणारा ‘त्याने’ म्हणजे देवाने असे धरतो. नंतरच्या बहुतेक भाषांतरांत फारोचे मन कठीण ‘झाले’ असे येते आणि हिब्रू वाक्याचा कर्ता ‘मन’ हाच आहे. एवढ्या एका फरकाने देवाने पहिले पाऊल कधी उचलले याचा हिशेब बदलतो.

दुसरे, स्तोत्रसंहिता ७६:१०. माणसाचा क्रोध देवाची स्तुती करील, हा पूर्वार्ध या विषयावर सर्रास उद्धृत होतो. उत्तरार्ध अवघड आहे: उरलेला क्रोध देव आवरून धरतो, की कमरेला बांधतो? भाषांतरे इथे फुटतात आणि तळटिपा येतात. या वचनावर एकट्यावर काही उभारू नये, हे तुलनेच्या पडद्यावर लगेच कळते.

तिसरे, रोमकरांस ९:२२. नाशासाठी सिद्ध झालेली क्रोधाची पात्रे कोणी सिद्ध केली, हे ग्रीक वाक्य सांगत नाही. पुढच्याच वचनात दयेची पात्रे देवाने आधी सिद्ध केली, असे मात्र स्पष्ट सांगते. एखाद्या भाषांतराने २२ मध्ये ‘देवाने’ घातले असेल तर ते भाषांतरकाराचे मत.

आता मराठी शोधाविषयी, कारण इथे बहुतेक जण अडतात आणि ‘बायबलमध्ये असे काही नाहीच’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. डिजिटल मजकुरातला शोध अक्षरे जुळवतो, अर्थ जुळवत नाही. ‘वैरी’ टाकले तर ‘वैऱ्याने’, ‘वैऱ्यांना’, ‘वैऱ्याचा’ यांपैकी काहीही येणार नाही, कारण विभक्ती लागताच ‘री’ चे ‘ऱ्या’ होते. त्यात भर म्हणजे हा ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो: नुक्त्याच्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कळफलकाने एक लिहिले आणि मजकुरात दुसरे असेल, तर शोध शून्यावर येतो. उपाय साधा आहे: फक्त ‘वै’ किंवा ‘विरोध’ एवढा न बदलणारा तुकडा टाकावा आणि निकाल हाताने चाळावेत. किंवा मजकुरातलाच शब्द उचलून शोधात चिकटवावा.

जुन्या शुद्धलेखनाचीही पंचाईत असते. जुन्या भाषांतरांत ‘हेतु’, ‘उत्पत्ति’ असे ऱ्हस्व शेवट आणि ‘त्याणें’, ‘केलें’ अशी रूपे असतात. ‘हेतू’ टाकून ती सापडणार नाहीत. पंडिता रमाबाईंच्या भाषांतरासारख्या जुन्या मजकुरात शोधताना दोन्ही रूपे टाकून पाहावीत.

कसोटीचा निकाल: शब्दशोधाने कृत्ये २:२३ वरून लूक २२:२२ ला पोहोचणे नशिबावर आहे, कारण मराठीत दोन्हीकडे तोच शब्द असेल याची हमी नाही. ज्या भाषांतराला स्वतःच्या संदर्भ-टिपा आहेत ते उघडले, तर काम होते.

मूळ भाषांपर्यंत नेणारे साधन

इथे परीक्षण थोडे लांबणार, कारण आपला विषय याच साधनात सर्वांत जास्त उघडतो आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात.

केंब्रिजच्या टिंडेल हाउसने तयार केलेले स्टेप बायबल मोफत आहे आणि नोंदणीशिवाय उघडते. इंग्रजी मजकुराच्या प्रत्येक शब्दामागे हिब्रू किंवा ग्रीक शब्द आणि त्याचा स्ट्राँग क्रमांक जोडलेला असतो. (जेम्स स्ट्राँग यांनी १८९० मध्ये आपल्या शब्दसूचीत हिब्रू शब्दांना १ ते ८६७४ आणि ग्रीक शब्दांना १ ते ५६२४ असे क्रमांक दिले, आजची बहुतेक साधने तेच वापरतात.) ग्रीक येण्याची गरज नाही. कामापुरते इंग्रजी मात्र वाचता यायला हवे.

कृती अशी. कृत्ये २:२३ उघडा. ‘ठरलेल्या’ या अर्थाच्या शब्दावर टिचकी द्या. ग्रीक क्रमांक ३७२४ येतो. तो शब्द नव्या करारात जिथे जिथे आला आहे ती यादी उघडा. यादी आठ वचनांची आहे आणि तिच्यातले पहिलेच वचन लूक २२:२२. पेत्राच्या भाषणातला ‘ठरलेला’ आणि येशूला धरून देणारा शिष्य यहूदा याच्याविषयीच्या वचनातला ‘ठरल्याप्रमाणे’ हे एकच क्रियापद आहे, आणि दोन्ही पुस्तके लूकचीच. मत्तय २६:२४ आणि मार्क १४:२१ मध्ये त्या जागी ‘लिहिले आहे त्याप्रमाणे’ असे येते. म्हणजे हेतू आणि दोष शेजारी ठेवण्याची ही मांडणी लूकने दोन पुस्तकांत मुद्दाम जपली आहे, असे म्हणायला आधार मिळतो. कसोटी दोन पायऱ्यांत पार, आणि वर एक शोध पदरात.

त्याच वचनातला ‘संकल्प’ घ्या, क्रमांक १०१२. बारा ठिकाणी. यादी वाचताना कृत्ये ४:२८ येते, जिथे हेरोद, पंतय पिलात, परराष्ट्रीय आणि इस्राएल लोक यांनी देवाने आधी ठरवलेलेच केले. कृत्ये ५:३८ येते, जिथे गमलिएल नावाचा यहूदी शास्त्री धर्मसभेला सांगतो की हा बेत माणसांचा असेल तर आपोआप मोडेल. इफिसकरांस १:११ येते. आणि लूक ७:३० येते, जे या विषयावरच्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येते: परूश्यांनी व शास्त्र्यांनी आपल्याविषयीचा देवाचा संकल्प धुडकावला. शब्द तोच. माणसाचा विरोध देवाच्या हेतूला हातभार लावतो हे जितके खरे, तितकेच विरोध करणारा स्वतःपुरता तो हेतू नाकारतो हेही खरे, असे बायबल म्हणते. या एका वचनासाठी हे साधन शिकून घेण्याचे कष्ट वसूल होतात.

तिसरा शब्द छळाविषयीचा. येशूचा अनुयायी स्तेफन याच्या वधानंतर यरुशलेमातल्या मंडळीची ‘पांगापांग’ झाली, क्रमांक १२८९. हे क्रियापद नव्या करारात तीनदाच येते: कृत्ये ८:१, ८:४ आणि ११:१९. मध्ये तीन अध्याय दुसऱ्याच घटनांचे आहेत, पण ११:१९-२० त्याच शब्दाने सोडलेला धागा उचलते आणि पांगलेली माणसे फेनिके, कुप्र, अंत्युखियापर्यंत पोहोचली, तिथे काहींनी हेल्लेण्यांनाही (म्हणजे ग्रीकांनाही) सुवार्ता सांगितली, असे सांगते. कृत्ये १:८ मध्ये यहूदीया आणि शोमरोन यांची नावे होती. ८:१ मध्ये छळाने लोक नेमके त्याच दोन प्रदेशांत लोटले गेले.

आता फारो. या विषयाचा सर्वांत कठीण भाग हाच आणि साधनाची मर्यादाही इथेच कळते. निर्गम ४ ते १४ मध्ये मन कठीण होण्याचे वीस उल्लेख आहेत आणि त्यांच्यासाठी तीन हिब्रू धातू वापरले आहेत: २३८८ बारा वेळा, ३५१३ चा गट सहा वेळा, ७१८५ दोन वेळा. वीसपैकी दहांत कर्ता देव आहे: ४:२१, ७:३, ९:१२, १०:१, १०:२०, १०:२७, ११:१०, १४:४, १४:८, १४:१७. उरलेल्या दहांत फारो स्वतः मन कठीण करतो किंवा मन कठीण झाले, आहे, असे येते. यातले ४:२१ आणि ७:३ ही आगाऊ दिलेली सूचना आहे. प्रत्यक्ष घटनाक्रमात देवाने मन कठीण केले असे पहिल्यांदा ९:१२ ला येते, म्हणजे देवाने मिसरावर आणलेल्या पीडांपैकी सहावीनंतर. त्याआधी ८:१५ आणि ८:३२ मध्ये फारोने आपणहून केलेले आहे. हा क्रम कागदावर उतरवला की अर्धा वाद शांत होतो. अर्धाच, कारण ४:२१ ची आगाऊ सूचना पुसता येत नाही आणि रोमकरांस ९ मध्ये पौल तिच्याच बाजूने बोलतो.

ही यादी साधनातून काढताना तीन गोष्टी हमखास चुकतात.

एक, फक्त एकच क्रमांक शोधणे. २३८८ टाकून बारा वचने मिळाली की माणूस थांबतो आणि ८:१५, ८:३२, ९:३४ ही फारोने स्वतः केलेली तिन्ही वचने निसटतात, कारण ती ३५१३ मध्ये आहेत. उरलेल्या यादीत देवाचे पारडे जड दिसते.

दोन, विशेषण वेगळ्या क्रमांकाखाली असणे. ७:१४ मध्ये ‘फारोचे मन जड आहे’ असे विशेषण येते. त्याचा क्रमांक ३५१५. क्रियापदाच्या शोधात ते येत नाही. उलट ३५१३ टाकून शोध निर्गमापुरता ठेवला तरी विटांचे काम भारी करण्याचे ५:९ आणि आईबापांचा मान राखण्याचे २०:१२ असली वचने येतात, कारण धातूचा मूळ अर्थ जड असणे, वजनदार असणे असा आहे. यादी हाताने निवडावी लागते.

तीन, वचनांचे क्रमांक. हिब्रू बायबलमध्ये निर्गमाचा सातवा अध्याय २९ वचनांचा, आठवा २८ चा. आपल्या भाषांतरांत ते २५ आणि ३२. त्यामुळे आठव्या अध्यायात चारचा फरक पडतो. आपले ८:१५ म्हणजे हिब्रू ८:११, आणि हिब्रू ८:१५ म्हणजे आपले ८:१९. दोन्ही वचने मन कठीण होण्याविषयीच असल्याने घोटाळा लक्षातही येत नाही: एकात फारो स्वतः करतो, दुसऱ्यात मन कठीण होते. स्तोत्र ७६ मध्येही असेच, आपले १० म्हणजे हिब्रू ११, कारण तिथे शीर्षकालाच पहिले वचन मोजतात.

शब्द सारखा म्हणून सिद्धान्त सारखा, असे धरणे ही याहून खोल चूक. ३७२४ च्या त्याच आठ वचनांत कृत्ये ११:२९ आहे, जिथे शिष्य मदत पाठवायचे ‘ठरवतात’. १०१२ च्या बारांत कृत्ये २७:४२ आहे, जिथे शिपाई कैद्यांना मारून टाकण्याचा ‘बेत’ करतात. शब्दाची यादी प्रश्न उभा करायला चांगली, उत्तराला पुरेशी नाही.

आणि काही ठिकाणी हे साधन पूर्ण मुके होते. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचे नाव एकदाही येत नाही. यहूद्यांचा नाश करू पाहणाऱ्या हामान या दरबाऱ्याने मर्दखय या यहूद्याला टांगण्यासाठी पन्नास हात उंच खांब उभारला (५:१४) आणि त्याच खांबावर तो स्वतः गेला (७:१०), हा विरोध उलटण्याचा बायबलमधला सर्वांत ठळक प्रसंग. पण ‘देव’, ‘संकल्प’, ‘ठरवले’ असे काहीही टाकून तो सापडणार नाही. तो वाचावाच लागतो.

साखळ्या, योजना, रोजचे वचन

विषयवार साखळ्यांत ‘छळातून लाभ’ अशा मथळ्याखाली वचने एकामागून एक दिलेली असतात, आणि वाचन-योजनांत ती दिवसांत वाटलेली असतात. या प्रश्नासाठी हा प्रकार सर्वांत कमी उपयोगाचा, किंबहुना थोडा घातक. साखळीत कृत्ये ८:१ आणि ८:४ येतात. मधले ८:२ गळते: भक्तिमान माणसांनी स्तेफनाला पुरले आणि त्याच्यासाठी फार शोक केला. लूकने पांगापांग आणि सुवार्ता यांच्या मधोमध तो शोक ठेवला आहे. साखळीने तो काढून टाकला की उरतो तो नुसता फायद्याचा हिशेब.

उत्पत्ती ५०:२० चे तसेच. एका चित्रावर छापलेल्या वचनात वर्षे दिसत नाहीत. मजकुरातल्या आकड्यांवरून हिशेब करा: योसेफ कथेच्या सुरुवातीला १७ वर्षांचा (३७:२), फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० चा (४१:४६). सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षे (४५:६) धरून भावांना ओळख दिली तेव्हा सुमारे ३९ चा. याकोब मिसरात आला तेव्हा १३० वर्षांचा (४७:९), गेला तेव्हा १४७ चा (४७:२८). म्हणजे ५०:२० चे वाक्य विकले गेल्यानंतर जवळजवळ ३९ वर्षांनी उच्चारलेले आहे. मध्ये ४२ ते ४४ या तीन अध्यायांत भावांची परीक्षा आहे आणि योसेफाला विकण्याची सूचना करणारा भाऊ यहूदाच धाकट्या बन्यामिनाच्या जागी गुलाम व्हायला तयार होतो (४४:३३). एका दिवसाच्या वाचनात हे मावत नाही.

आणखी एक गोष्ट साखळ्या लपवतात: बोलणारा कोण. ५०:२० ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या तोंडी आहे. कृत्ये ४ ची प्रार्थना ज्यांना नुकत्याच धमक्या मिळाल्या त्यांची आहे. फिलिप्पैकरांस १:१२, म्हणजे आपल्यावर आलेल्या प्रसंगातून सुवार्तेची प्रगतीच झाली हे वाक्य, बेड्यांत असलेल्या पौलाने लिहिले आहे. भावांनी ‘देवाचाच हेतू होता’ असे म्हटलेले नाही. ते पाया पडून क्षमा मागतात. दुखावलेल्या माणसाला तिसऱ्याने हे वचन ऐकवणे, किंवा अपराध्याने आपल्या बचावाला ते वापरणे, हा मजकुराच्या उलटा वापर आहे. पौल रोमकरांस ३:८ मध्ये ‘चांगले व्हावे म्हणून वाईट करू या’ हा निष्कर्ष फेटाळतो. विषयवार साखळीत हे वचन कधीतरी दिसले तर संपादकाला दाद द्यावी.

विरोध होतोय म्हणजे आपण बरोबर, हा दुसरा गैरवापर. त्याला १ पेत्र ४:१५ पुरे: खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये.

तिसरा गैरवापर इतिहासात फार महाग पडला. वधस्तंभाचा दोष सगळ्या यहूदी लोकांवर टाकून शतकानुशतके त्यांचा छळ झाला. कृत्ये ४:२७ ची यादी पुरी वाचली तर तिच्यात हेरोद आहे, रोमी सुभेदार आहे, परराष्ट्रीय आहेत, इस्राएल लोकही आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले की येशूच्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सर्व यहूद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही. ज्या टिपांत या बाबीचा उल्लेखच नाही, त्या टिपा या विषयावर अपुऱ्या समजाव्यात.

टिपा वाचताना

अभ्यास-बायबलच्या तळटिपा कोणत्या परंपरेच्या आहेत, हे मुखपृष्ठावर नेहमी लिहिलेले नसते. शोधायची सोपी जागा म्हणजे रोमकरांस ९:१७-१८ खालची टीप. ‘देवाने परवानगी दिली’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत असेल तर संपादक एका बाजूचा. नुसत्या परवानगीची भाषा कमकुवत आहे, देव दुष्टांच्या कृतीही चालवतो आणि तरी निर्दोष राहतो, असे असेल तर सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या वाटेचा. कोणत्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करील हे देवाला आधीच ठाऊक होते, अशी मांडणी असेल तर ती त्याच शतकातल्या स्पॅनिश धर्मपंडित लुईस दे मोलिना यांच्याकडून आलेली. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनचे म्हणणे, की वाईट अजिबात होऊ न देण्यापेक्षा वाइटातून चांगले काढणे देवाला अधिक योग्य वाटले, सगळ्याच बाजूंना मान्य असते, त्यामुळे ते दिसले म्हणून काही ओळखता येत नाही. दोन परंपरांच्या टिपा शेजारी ठेवून वाचाव्यात. २ शमुवेल २४:१ आणि १ इतिहास २१:१ याच रीतीने पाहावेत: शिरगणतीला दावीदाला प्रवृत्त करणारा एकीकडे परमेश्वर, दुसरीकडे सैतान. या जोडीवर टीपच नसेल, तर त्या पुस्तकाने अवघड ठिकाणे टाळली आहेत असे समजायला हरकत नाही.

कोणाला काय घ्यावे? एकट्याने वाचणाऱ्याला समास-संदर्भांचे छापील बायबल आणि शेजारी तुलनेचे अ‍ॅप एवढे पुरे. गट चालवणाऱ्याने मूळ भाषेचे साधन शिकावेच, पण गटासमोर ते उघडू नये. क्रमांकांच्या नादात सगळे अध्याय सोडून शब्दांमागे लागतात. घरी यादी काढावी, निवडावी आणि गटात फक्त वचने न्यावीत. पहिल्या बैठकीला यशया १०:५-१९, दुसरीला निर्गम ४ ते १४ मधली वीस वचने क्रमाने, तिसरीला उत्पत्ती ३७ आणि ४२ ते ४५ व ५०, चौथीला लूक २२:२२ सोबत कृत्ये २ आणि ४. उत्पत्तीचे अध्याय आधी घरून वाचून यायला सांगावेत, नाहीतर तिसरी बैठक नुसत्या वाचनातच संपते. आणि निर्गमाची यादी वाटण्याआधी आठव्या अध्यायातली तिन्ही वचने आपल्या क्रमांकांनुसार ८:१५, ८:१९, ८:३२ अशीच आहेत ना, हे एकदा पुस्तकाशी ताडून घ्यावे.